वड्याचं तेल वांग्यावर

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मिळून प्रोजेक्ट करतोय. त्यातला एक मुलगा याच सत्रात आमच्या तुकडीत आलाय. परवा अंतर्गत परीक्षेत मला फार कमी मार्क पडले आणि सरांनी भर वर्गात सुनावलं. संध्याकाळी शेअर केलेली फाइल उघडली तर त्याचा भाग कोरा. मी ग्रुपवर लिहिलं, ‘तू मुद्दाम दडवून ठेवतोयस, शेवटी एकटाच सरांना दाखवून भाव खाशील.’ तो म्हणाला, वहीत लिहून झालंय, टाइप करायचं राहिलंय. मला ते पटलं नाही. आता तो बोलत नाही आणि बाकी दोघी मलाच दोष देतात. माझा स्वभाव संशयी आहे, की तो खरंच भरवशाचा नाही?

उत्तर : स्वभावावर एवढ्यात जाऊ नकोस. आधी त्या दिवसाचा क्रम बघ. वर्गात सरांचं बोलणं, संध्याकाळी कोरं पान. सरांवरचा राग सरांपुढे काढायची सोय नसते, मग तो भलत्याच माणसावर निघतो.

हे प्रयोगातही दिसलंय. जेनिफर डन आणि मॉरिस श्वाइट्झर यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आधी स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग लिहायला लावला. कुणाला आनंदाचा, कुणाला दुःखाचा, कुणाला रागाचा. मग एका सहकाऱ्यावर किती विश्वास टाकाल, असं विचारलं. आनंदाचं लिहिणाऱ्यांचा विश्वास सर्वांत जास्त निघाला आणि रागाचं लिहिणाऱ्यांचा सर्वांत कमी. त्या बिचाऱ्या सहकाऱ्याचा त्या रागाशी काडीचा संबंध नव्हता. आता तुझ्या कामाचं : माणूस चांगल्या ओळखीचा असेल तर हा परिणाम दिसला नाही, आणि आपला राग नेमका कशाचा आहे हे लक्षात आलं, तेव्हाही हा परिणाम ओसरला.

म्हणजे कोरं पान त्या दोघींपैकी एकीचं असतं, तर तू बहुधा ‘अगं, कधी टाकतेस?’ एवढंच विचारलं असतंस. तो नवा होता, म्हणून सापडला.

पण मला तुझ्या मेसेजचा शेवट जास्त खटकला. ‘एकटाच भाव खाशील.’ हे रागातून आलेलं नाही, हा आधीपासूनचा हिशेब आहे. काही माणसं दोघांचं भलं बघतात, काही फक्त स्वतःचं, आणि काहींना समोरच्यापेक्षा आपलं जास्त हवं असतं, मग दोघांचं थोडं नुकसान झालं तरी चालतं. हॅरल्ड केली आणि अँथनी स्टाहेल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये या बाबतीत एक गंमत दाखवली. सहकार्य करणाऱ्यांना ठाऊक असतं की जगात सहकार्य करणारी आणि स्पर्धा करणारी, दोन्ही तऱ्हेची माणसं असतात. स्पर्धा करणाऱ्यांना मात्र सगळे आपल्यासारखेच वाटतात. त्याला कारणही आहे : त्यांच्याशी गाठ पडली की सरळ माणूससुद्धा सावध होतो, हात आखडता घेतो, आणि ते म्हणतात, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ तो मुलगा आता बोलत नाही, कदाचित पुढचं लिखाणही उशिरा टाकेल. ते पुरावा म्हणून धरू नकोस. तसं वागायला तूच भाग पाडलंयस.

सगळा दोष तुझ्या माथी मारत नाही मी. एकाचे मार्क वाढले की दुसऱ्याचा क्रमांक घसरतो, अशा व्यवस्थेत वर्षानुवर्षं वाढलेल्या मुलांनी नोट्स लपवल्या तर नवल ते काय! (आणि नंतर त्यांच्याकडून गटात काम करायची अपेक्षा आम्ही शिक्षकच ठेवतो.)

आता कर काय, तर आरोप ग्रुपवर केलास, माफीही ग्रुपवरच माग. ‘मार्कांचा राग तुझ्यावर काढला, चुकलं’ एवढंच. ‘पण तूही…’ लिहिलंस की माफी संपली. वहीच्या पानांचे फोटो मागू नकोस, ती झडती होईल. चौघांनी मिळून प्रत्येक भागाची तारीख ठरवा, तुझ्याही. त्या तारखेलाही त्याचं पान कोरं राहिलं, तर स्वतःला विचार : त्याला जमत नाहीये, त्याला आपली फिकीर नाही, की तो खोटं बोलतोय? तिन्हींना आपण ‘भरवशाचा नाही’ असंच म्हणतो, पण उपाय वेगवेगळे आहेत. जमत नसेल तर शेजारी बसून टाइप करून द्यावं लागतं. फिकीर नसेल तर स्पष्ट बोलावं लागतं. सरांकडे जायची वेळ फक्त खोटेपणात येते.

प्रश्न : माझ्याकडे कुणीही मागितलं तर मी नोट्स देतो, कुणी अडचण सांगितली तर खरी मानतो. होस्टेलवरचे मित्र मला ‘बावळट’ म्हणतात. बदलायला हवं का?

उत्तर : मित्रांना सांग, ज्युलियन रॉटर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हाच प्रश्न घेतला होता. 1980 सालच्या लेखात त्याने मांडलं की इतरांवर विश्वास टाकणारी माणसं जास्त फसतात असं काही दिसत नाही. शिवाय ती स्वतः खोटं बोलण्याची शक्यता कमी असते. बावळट तो, जो फसवल्याचं डोळ्यांनी दिसूनही पुन्हा तसाच वागतो. तू तसा आहेस का, हे तुझ्या पत्रावरून कळत नाही. नोट्स परत न करणारा एखादा असेलच ना? त्याला पुढच्या वेळी मूळ वही देऊ नकोस, झेरॉक्स दे. बाकीच्यांना देत राहा.