ताण तोडताना पाणी हलकंच द्यायचं

प्रश्न: ताई, सलाम. आम्ही अंबड तालुक्यातले. सप्टेंबर २०२५ मधे काढणीला आलेली चार एकर सोयाबीन पुरात गेली, नुसती सोयाबीन नाही, वरची मातीसुद्धा खरवडून गेली. तेव्हापासून मी प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्दच निघत नाही, बायबल उघडते आणि तीच ओळ तीन-तीनदा वाचते, डोक्यात काही शिरत नाही. मिस्टर रात्र रात्र ओट्यावर बसून राहतात, धड बोलत नाहीत, जेवणावर लक्ष नाही. स्त्रीमंडळात एक बाई म्हणल्या विश्वास कमी पडला म्हणून असं झालं, दुसऱ्या म्हणल्या देव तुम्हाला वाढवायलाय. मला तर वाढ कुठंच दिसेना. मी विश्वासात मागं पडले का? – एक भगिनी, जि. जालना

उत्तर: सलाम ताई. नाही, तुम्ही मागं पडला नाहीत. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्या बाईंचं बोलणं मनातून काढून टाका, पुराचं पाणी कुणाचा विश्वास किती ते बघून शेतात शिरत नसतं, आणि पाऊस नीतिमानावरही पडतो अन् अनीतिमानावरही, हे तर प्रभूनंच सांगितलंय. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला, तक्रारी करणाऱ्या ईयोबावर नाही.

दुसऱ्या बाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, पण ते अर्धं नीट धरावं लागतं. मी स्वतः मोसंबीवाल्या घरातली आहे म्हणून सांगते. तुम्हीपण जालन्याच्या, तुम्हाला माहिती आहे, बहार धरायचा असला की झाडाचं पाणी तोडतात, पानं पिवळी पडतात, थोडी गळतात, त्याला आपण ताण म्हणतो, आणि ताण बसल्याशिवाय फूल नीट येत नाही. आमच्याकडं प्रवचनात हे उदाहरण लई आवडतं. पण २०१२-१३ च्या दुष्काळात आमची बाग गेली तेव्हा मी पाहिलंय, तो बहाराचा ताण नव्हता, झाडं मरत होती. बोअर आटला, टँकर परवडेना, शेवटी खोडं तोडून जळणाला दिली, कुऱ्हाडीचा आवाज घरात यायचा आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे. त्या वेळी कुणी मला म्हणलं असतं की हे देवानं तुझ्या वाढीसाठी केलंय, तर मी चर्चला जायचं सोडलं असतं. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की संकटानं धीर तयार होतो, धीरानं शील आणि शीलानं आशा. हे लिहिणारा स्वतः मार खाल्लेला, उपाशी राहिलेला, तुरुंगात गेलेला माणूस आहे, आणि संकट चांगलं असतं असं तो कुठंच म्हणत नाही. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून हे वाक्य फेकायचं नसतं, एवढंच मला वाटतं.

आता तुम्ही काय करायचं. ताण तोडताना, म्हणजे झाडाला परत पाणी सुरू करताना, आपण पहिलं पाणी हलकं देतो ना, आंबवणी, मग थोडं जास्त, चिंबवणी, आणि मग कुठं नेहमीची पाळी. एकदम भरपूर पाणी दिलं तर झाडाला सोसत नाही. मनाचंपण तसंच आहे. तुम्ही पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करायचा नेम आत्ता धरू नका. एलीया संदेष्ट्याचं बघा, बायबलमधे १ राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूतानं त्याला बोल लावला नाही, उपदेशसुद्धा केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली, खा म्हणाला, तो खाऊन परत झोपला, दूतानं परत उठवून परत खायला घातलं. देवाच्या डोंगराची, होरेबची, चाळीस दिवसांची वाट त्याच्यानंतर. आमची बाग गेली तेव्हा आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी रोज दुपारी यायच्या, वचन सांगायच्या नाहीत, माझ्याजवळ बसून तूर निवडायच्या, खडे बाजूला काढत काढत हळूच म्हणायच्या, प्रभू, बघ रे बाबा. तेवढीच आमची प्रार्थना, कितीतरी दिवस.

म्हणून तुम्हीपण रोज एकच स्तोत्र घ्या, तेही छोटं. १३ वं घ्या, त्याची सुरुवातच किती वेळ, हे प्रभू, किती वेळ अशी आहे. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात समाधानाची ओळ येतच नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कारण रडून देवाकडं जाणं हे देवाकडं जाणंच आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाची सुरुवातपण तक्रारीनंच होते, आणि देवाशी भांडून झाल्यावर तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, अंजिराला फूल नसलं, शेतात अन्न नसलं, गोठ्यात गुरं नसली तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या शेवटाला तुम्ही आजच पोचलं पाहिजे असं नाही, आत्ता पहिल्या अध्यायात आहात तर तिथंच थांबा. शब्द सुचेना तर रोम ८:२६ आहे, पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नका. मिस्टर झोपत नाहीत, जेवत नाहीत, बोलत नाहीत, याला नुसती प्रार्थना म्हणून सोडू नका. तुमच्या मनात काय चाललंय, जीव नकोसा झालाय का, असं सरळ विचारा, विचारल्यानं वाईट होत नाही. जिल्हा रुग्णालयात दाखवा, आणि १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, दोघांच्याही मोबाईलमधे आजच सेव्ह करा. एलीयाला देवानं आधी जेवण आणि झोपच दिली, मग औषधपाणी करणं हा अविश्वास कसा होईल?

आणि वाढ दिसेना म्हणता, तर पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिली आणि मिस्टरांबद्दल पण तेवढ्याच काळजीनं लिहिलं, मला तर ते दिसलं. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले, पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य भारतात जाऊन उपाशी पोरींना केडगावला घेऊन आल्या. मधे वीस वर्षं गेली ताई. तुमचे अजून काही महिनेच झालेत.

प्रश्न: कंपनी बंद पडली, पुण्याहून लातूरला घरी आलोय. लोक विचारतील म्हणून चर्चला जात नाही, मोबाईलवर पास्टरचे मेसेज, म्हणजे प्रवचनं, ऐकतो. एवढं चालतं का? – एक तरुण, लातूर

उत्तर: भाऊ, ऐकत राहा, चांगलंच आहे. पण मोबाईलवरच्या पास्टरला तुमच्या घरात डाळ संपलीय हे कळत नाही, आणि एकमेकांची ओझी वाहा हे वचन ओझं दिसल्याशिवाय पाळता येत नाही. सगळ्यांना सांगायची गरज नाही. ह्या रविवारी मागच्या बाकावर बसा, उपासना संपली की लगेच निघू नका, ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाच वडीलधाऱ्या माणसाला बाहेर गाठा आणि नोकरी गेली म्हणून सांगा.