दोन मिलिलिटर दूध

“बाळाला उपाशी ठेवले आहे का?” हा प्रश्न नवजात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेली बहुतेक कुटुंबे मला कधी ना कधी विचारतात. हडपसरच्या एका आईने तो तिसऱ्या दिवशी रडत विचारला. तिचे बाळ २९व्या आठवड्यात जन्मले होते, वजन ११०० ग्रॅम होते आणि तोंडातून जठरापर्यंत घातलेल्या बारीक नळीने त्याला दर दोन तासांनी जेमतेम दोन मिलिलिटर दूध दिले जात होते.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, तोवर नळीला पर्याय नसतो, हे मी तिला सांगितले. पोषणाचा मोठा भाग त्या वेळी शिरेतून जात असतो. हे दोन मिलिलिटर पोट भरण्यासाठी नव्हेत, तर आतड्याला कामाची सवय लागावी म्हणून असतात. बाळाला पचेल तसतसे ते रोज वाढवले जातात. घाई मात्र करायची नसते, कारण कच्च्या आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा गंभीर आजार याच बाळांना गाठतो, आणि आईच्या दुधावरील बाळांमध्ये तो कमी आढळतो.

“पण ताई, मला दूध येतच नाही.” सासूबाईंनी अळिवाची खीर आणली होती आणि पावडरचे दूध सुरू करावे, असा त्यांचा आग्रह होता. खीर जरूर खावी. पण दूध वाढते ते वारंवार काढल्याने, दिवसातून आठ-दहा वेळा आणि रात्रीही. बाळंतिणीसमोर “हिला दूध नाही” असे म्हणणे मला फार घातक वाटते.

मी शेजारी बसून तिला हाताने दूध काढायला शिकवले. वीस मिनिटांनी स्टीलच्या वाटीचा तळ फक्त ओला झाला होता. ती वाटी विसळायला निघाली, तेव्हा मी तिला थांबवले आणि ते पिवळसर चीक सिरिंजमध्ये ओढून घेतले. ते ०.४ मिलिलिटर भरले. परिचारिकेने ते थेंब बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावले.

उरलेली गरज मातृदुग्धपेढीतील दुधाने भागली. पुण्यात ससूनमध्येही अशी पेढी आहे. “दुसऱ्या बाईचे दूध?” म्हणून आजी बिचकल्या, दात्या मातांची रक्ततपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले जाते, हे ऐकल्यावर त्यांनी होकार दिला.

नवव्या दिवशी आईने एका वेळी ३५ मिलिलिटर दूध काढले. रात्री दोनचा गजर आता सासूबाईच लावतात.