गेवुर्झट्रामिनर: लागवडीपासून तोडणीपर्यंतच्या प्रश्नांची उत्तरे

सुगंधी पांढऱ्या वाईनच्या गेवुर्झट्रामिनर या वाणाबद्दल द्राक्ष बागायतदारांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न घेत आहे.

प्रश्न: आमच्याकडे घड पिकण्याच्या दिवसांत ऊन कडक असते आणि रात्रीही उकाडा असतो. हा वाण लावावा का?

नका लावू. वेल वाढेल, घडही धरतील. पण या वाणाचे मोल त्याच्या वासात आहे आणि तो वास अशा हवेत टिकत नाही. मणी पिकताना साखर चढते, आम्लता उतरते आणि सालीत सुगंधी द्रव्ये साठतात. गेवुर्झट्रामिनरची आम्लता मुळातच कमी. उकाड्यात मण्यातले मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते, साखर भराभर वाढते आणि वास भरण्याआधीच रस मिळमिळीत होतो. त्याची वाईन जड आणि सपाट लागते. वाढीच्या हंगामाचे सरासरी तापमान 13 ते 15 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्री गार असतील, तिथे या तिन्ही गोष्टी जुळून येतात. फ्रान्समधल्या अल्सासमध्ये आणि इटलीच्या दक्षिण टायरॉलमध्ये हा वाण नावाजला तो याचमुळे. खरड छाटणी (तोडणीनंतरची) आणि गोडी छाटणी (फळासाठीची) अशा दोन छाटण्यांवर चालणाऱ्या उष्ण प्रदेशातल्या बागेचे गणित इथे लावू नका. थंड प्रदेशात वेल पाने गाळून विश्रांती घेते आणि छाटणी वर्षातून एकदाच, त्या विश्रांतीच्या काळात होते.

प्रश्न: आमचा भाग थंड आहे, पण वेलीचे डोळे (काडीवरचे कोंब) फुटल्यावर दहिवर गोठते. काय करावे?

हा धोका खरा आहे. या वाणाचे डोळे लवकर फुटतात आणि कोवळी हिरवी फूट उणे 2 अंशांच्या आसपास जळते. थंड हवा जड असते, उतारावरून खाली सरकत खोलगट जागी साचते. म्हणून प्लॉट उताराच्या मधल्या भागात घ्या, तळाशी नको. छाटणी शक्य तितकी उशिरा करा. आधी काड्या लांब ठेवून नंतर पक्की छाटणी केली तर खालचे डोळे काही दिवस उशिरा फुटतात. हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांच्या जवळ किंवा त्याखाली जात असेल, तर गेवुर्झट्रामिनरऐवजी त्याचाच संकर असलेल्या ट्रामिनेटचा विचार करा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 1996 मध्ये प्रसारित केलेला हा वाण थंडी जास्त सोसतो आणि वासही बराचसा तसाच देतो.

प्रश्न: पांढऱ्या वाईनचा वाण म्हणून कलमे आणली, पण मणी गुलाबी होत आहेत. फसवणूक झाली का?

नाही. या वाणाची साल पिकल्यावर गुलाबीच होते, रस मात्र फिकट असतो. त्या सालीत वासाबरोबर कडवटपणाही असतो, म्हणून वायनरीत रस सालीसोबत फार वेळ ठेवत नाहीत.

प्रश्न: फुलोऱ्यानंतर मणीगळ फार झाली, पानेही पिवळी पडली आहेत.

फुलोऱ्यात हवा थंड आणि ओलसर राहिली की या वाणात फळधारणा कमी होते. घड आधीच लहान, त्यामुळे उत्पादन कमीच राहणार हे धरूनच हिशोब करा. काडीवर मोजकेच डोळे ठेवणाऱ्या आखूड छाटणीपेक्षा लांब काडी ठेवा. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर माती तपासा. चुनखडी जास्त असेल तर वेलीला लोह मिळत नाही. नवी लागवड करणार असाल तर अशा जमिनीसाठी 41बी किंवा फर्काल हा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ती वेल) निवडा.

प्रश्न: तोडणी नेमकी कधी करायची? ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) 22 झाला की चालेल का?

नुसत्या ब्रिक्सवर तोडणी ठरवू नका. साखर आली म्हणजे वास आला असे नाही. गुलाब आणि लिचीसारख्या त्या वासामागे टर्पीन गटातली द्रव्ये असतात आणि त्यातली बरीचशी साखरेशी जोडलेली असल्याने मण्यात असताना त्यांचा वास येत नाही. रोज सकाळी वेगवेगळ्या वेलींवरून, उन्हातल्या आणि सावलीतल्या घडांतून मणी गोळा करा. ब्रिक्ससोबत पीएच आणि एकूण आम्लता मोजा. मग साल वेगळी चावून बघा. हिरवट, गवताळ चव गेली, गुलाबाचा वास आला आणि बी तपकिरी झाली की तयारी ठेवा. आम्लता उतरली की पीएच चढतो; तो 3.5 ओलांडू लागला तर अजून वासासाठी थांबू नका. आम्लता गेल्यावर त्या वासाला आधार राहत नाही.

वास नीट भरावा म्हणून फळधारणेनंतर घडाभोवतीची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने विरळ करा. थोड्या उन्हाने वास वाढतो आणि घड मोकळा होतो. या वाणाचे घड दाट असतात, त्यामुळे ओलाव्यात आत करडी बुरशी शिरते. भुरी आणि केवडा हे बुरशीजन्य रोग टाळण्यासाठीही बागेत वारा खेळता हवा. दुपारच्या बाजूची पाने मात्र राहू द्या, तिकडचे घड भाजले की कडवटपणा वाढतो.

तोडणी पहाटे, उथळ क्रेटमध्ये करा. मणी फुटले की रस सालीत मुरायला लागतो, म्हणून घड त्याच दिवशी प्रेसपर्यंत पोहोचतील इतकेच तोडा.