धार लावायचं वेगळं टेबल हातहत्यारांनी कसं करावं?

इंदूरला घरीच करत असाल तर लाकडाआधी उंची ठरवा. धारेच्या दगडाचा माथा उभं राहिल्यावर कोपराच्या चार-पाच इंच खाली हवा. टेबल उंच झालं की खांदे चढतात, पटाशी डुलते आणि धार गोल होते. सागाची दीड इंची फळी, तीन इंची चौकोनी पाय, पाय जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांना कुसू (पायाच्या खाचेत बसणारं टोक), जाडी पट्टीच्या एक तृतीयांश. फळी चौकटीला सरसाने मुळीच चिकटवू नका! पावसाळ्यात ती रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि अडकली तर चिरते. ती स्क्रूने बसवा आणि चौकटीतली स्क्रूची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा. दगड फळीवरच्या दोन पट्ट्यांमध्ये पाचरीने आवळा. रंधकामाच्या टेबलावर मात्र धार लावू नका. दगडाची कच लाकडात रुतते आणि रंध्याचं पातं बोथट करते.