पाळ धड आहे, मग बोडी 'जास्त धोक्याची' कशी?

तुमची भंडाऱ्याकडची खासगी बोडी, म्हणजे छोटा तलाव; तिची पाळ, म्हणजे मातीचा बांध, ५ मीटर उंच, खाली चार घरं. आणि इंजिनिअरनं 'जास्त धोका' लिहिलं म्हणून तुम्ही चक्रावलात. अहो, धोक्याचा वर्ग म्हणजे पाळीची तब्येत नव्हे. पाळ फुटलीच तर खाली कोणाचं काय जाईल, एवढंच तो सांगतो. खाली नुसत्या धानाच्या बांध्या असत्या, तर हीच बोडी कमी धोक्याची ठरली असती.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही धरणांना लागू आहे. तुमची बोडी त्यात नाही, तेव्हा बघायचं तुम्हालाच.

आधी सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट, बघा. मासे जाऊ नयेत म्हणून आपल्याकडे तिथं जाळी बांधतात, तिच्यात बेशरमाची झुडपं अडकतात आणि पाणी पाळीवरून जातं. मातीची पाळ मग टिकत नाही. खेकड्यांची बिळंही बुजवा.

पायथ्याशी झिरपणारं पाणी गिलासात धरा. नितळ असेल तर नजर ठेवा. गढूळ असेल तर आतून माती वाहतेय: खालच्या घरांना लगेच हलवा, तहसीलला फोन करा, पंपाचं इंजिन लावून बोडीतलं पाणी उतरवा.