ब्रेस्ट इम्प्लांटनंतर बाराव्या दिवशी एक बाजू वर, एक खाली. हे असंच राहणार का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: ऑपरेशनला बारा दिवस झालेत, इम्प्लांट स्नायूखाली बसवलंय, उजवी बाजू वर चढल्यासारखी आणि टणक वाटते, डावी जरा मऊ आणि खाली आलीय. ताप नाही, टाके कोरडे आहेत. घरात बहिणीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही आणि लवकरच डोंबिवलीहून सीएसएमटीला कामावर जायला सुरुवात करायची आहे.

मी मुंबईतल्या एका प्लास्टिक सर्जरी ओपीडीत नर्स आहे, ड्रेसिंग बघते. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमचं निदान माझ्याकडून अपेक्षू नका. पण तुम्ही वर्णन केलंय तसं चित्र आमच्याकडे नेहमीचं आहे. दुसऱ्या आठवड्यातच बायकांचे घाबरून फोन येतात. पहिल्या आठवड्यात ठणका असतो, पट्ट्या असतात, आरशात बघायचं कुणाला सुचत नाही. दुखणं ओसरलं की नजर तिकडे जाते, आणि नेमका तेव्हाच आकार सगळ्यात विचित्र दिसतो.

छातीचा मोठा स्नायू उचलून त्याच्याखाली इम्प्लांट ठेवलं की तो स्नायू आखडतो आणि इम्प्लांटला वर दाबून धरतो. म्हणून वरचा भाग फुगलेला, खालचा चपटा. पुढच्या काही आठवड्यांत स्नायू सैलावतो, खालची त्वचा ताणते आणि इम्प्लांट हळूहळू खाली बसतं. दोन्ही बाजू हे काम एकाच वेळी करतील असं अजिबात नाही. तुम्ही उजव्या हाताने कामं करत असाल तर त्या बाजूचा स्नायू मुळात दणकट असतो, शिवाय आपण नकळत तोच हात वापरत राहतो. तिकडची सूज रेंगाळते आणि ती बाजू मागे राहते. त्यात ऑपरेशनच्या आधीसुद्धा बहुतेक जणींच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. निपलची उंची, बरगड्यांचा उठाव, खालच्या घडीची रेषा, कुठेतरी फरक असतोच. आधी तो डोळ्यांत भरत नाही, आकार वाढला की भरतो. सर्जनकडे तुमचे ऑपरेशनपूर्वीचे फोटो असतील, ते मागून बघा. आणि दोन्हीकडे एकाच मापाचं इम्प्लांट आहे का तेही विचारा. मूळचा फरक भरून काढायला कधीकधी मुद्दाम वेगळी मापं वापरतात.

आता माझा एकच आग्रह. उजवीची तुलना डावीशी करणं थांबवा. उजवीची तुलना कालच्या उजवीशी करा. दोन बाजूंमधला फरक या टप्प्यावर फारसं काही सांगत नाही. एकाच बाजूत झालेला अचानक बदल मात्र खूप काही सांगतो. काही तासांत एक बाजू भराभर फुगली, दगडासारखी घट्ट झाली, ठणका वाढत गेला, काळंनिळं पसरायला लागलं, तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. हे बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, पण दुसऱ्या आठवड्यात जड काही उचलल्यावरही होऊ शकतं. तसंच ताप, थंडी, वाढत जाणारी लाली, गरमपणा, टाक्यांतून पाणी किंवा पू. यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सर्जनचा इमर्जन्सी नंबर लावा. फोन नाही उचलला तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. धाप लागली, छातीत दुखायला लागलं किंवा एकच पोटरी सुजली तर वाट बघू नका, 108 ला फोन करा.

मधूनच वीज चमकल्यासारखी कळ येणं, निपल बधिर असणं किंवा उलट कपडाही सोसवत नाही इतकं हुळहुळणं, सकाळी उठल्यावर जास्त आखडणं, आत काहीतरी डुचमळल्याचा आवाज येणं, हे सगळं आम्ही रोज ऐकतो. काही जणींना स्तनाच्या खाली दोरीसारखी ताणलेली शीर हाताला लागते. ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जाते, पण पुढच्या भेटीत दाखवा.

घरात सांगितलेलं नाही याची मला आकारापेक्षा जास्त काळजी वाटते. काय केलंय ते सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही, तो तुमचा प्रश्न. पण कुणालाच काही माहीत नसलं की पहाटे पाणी आलं की बादल्या तुम्हीच उचलता, दळणाचा डबा तुम्हीच आणता, काठीने वरच्या दांडीवर कपडेही तुम्हीच घालता. हात डोक्यावर नेणं आणि वजन उचलणं, नेमकं तेच आत्ता नको आहे. छातीचं छोटं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी दीड महिना वजन उचलू नको म्हटलंय, एवढं सांगून टाका. खोटं नाही ते.

लोकलचंही तसंच. गर्दीत वरची कडी धरून लटकणं आणि कुणाचं कोपर छातीवर बसणं, दोन्ही टाळा. शक्य असेल तर आणखी थोडे दिवस घरून काम मागा. नाहीतर डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी पकडून बसून जा, गर्दीची वेळ सोडून. सर्जिकल ब्रा सर्जन सांगतील तितके दिवस, झोपतानाही घालायची. घामाने चिकट झाली की बदलायची, म्हणून दोन ठेवा. झोपायचं पाठीवर, खांद्यांखाली उशी घेऊन. व्हिडिओ बघून स्वतः मसाज करू नका आणि वरून पट्टाही बांधू नका. काही इम्प्लांटना मसाज चालतच नाही. तुमचं कुठल्या प्रकारचं आहे ते सर्जनला माहीत आहे, व्हिडिओवाल्याला नाही. दुखलं म्हणून मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

सूज बरीचशी दीड महिन्यात उतरते. आकार साधारण 3 महिन्यांनी ओळखू येतो, पुरता बसायला 6 महिने, कुणाला वर्षही लागतं. व्रण फिकट व्हायला त्याहून जास्त. म्हणून नुसत्या असमानपणासाठी पुन्हा ऑपरेशन करायचा विचार चांगले सर्जन सहसा 6 महिन्यांच्या आत करत नाहीत. तेव्हाही एक बाजू वरच अडकलेली, घट्ट होत चाललेली असेल तर मग शरीराने इम्प्लांटभोवती तयार केलेलं आवरण आवळलंय का ते तपासतात, आणि त्यावर उपाय आहेत.

तोवर आठवड्यातून एकदाच फोटो काढा: एकच जागा, एकच उजेड, हात खाली सोडलेले. रोज नको, रोजच्या फोटोत फक्त धास्ती दिसते. पुढच्या भेटीला ते फोटो न्या आणि इम्प्लांटचं कार्ड अजून मिळालं नसेल तर त्याच दिवशी मागून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि सीरियल नंबर असतो. महागडी ब्रा इतक्यात घेऊ नका, माप अजून बदलणार आहे.