बारावीचे 72 टक्के आणि आयआयएमचा कॉल

प्रश्न: ताई नमस्कार. मी प्रतापनगरला राहतो. दहावीला 91, बारावीला 72 (फिजिक्सनी घात केला), मेकॅनिकल इंजिनिअरिंगला 69 टक्के, आता मिहानमधल्या एका आयटी कंपनीत दोन वर्षं होतील. ओपन कॅटेगरी. कॅटच्या (आयआयएमची प्रवेश परीक्षा) मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, 94-95 पर्सेंटाइल येतात. एका कोचिंगवाल्या सरांनी प्रोफाइल बघून सांगितलं की जुन्या आयआयएमचा चान्स 70 टक्के आहे, फक्त त्यांची वर्षभराची बॅच लावायची. बाबा म्हणतात, इथंच आयआयएम नागपूर आहे ना, घरून जाणंयेणं कर. खरं सांगा, माझे चान्सेस किती?
- एक वाचक, नागपूर

उत्तर: अरे, आधी त्या सरांना विचार की हा 70 आकडा आला कुठून, कारण असा एकच आकडा नसतोच, प्रत्येक कॉलेजचा हिशोब वेगळा. कॅटला साधारण तीन लाख मुलं बसतात, आणि पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले किती जण तुझ्या मागे, म्हणून एक पर्सेंटाइल म्हणजे तीन हजार डोकी. 95 ऐकायला भारी वाटतं पण तुझ्यापुढे अजून पंधरा हजार जण उभे आहेत, 99 ला ते तीन हजारावर येतात. मधला जो फरक आहे ना तो चार मार्कांचा नाही, बर्डीच्या दिवाळीतल्या गर्दीएवढा आहे.

आता खरी मेख. वेबसाइटवर मिनिमम 85 पर्सेंटाइल वगैरे लिहिलेलं असतं ते वाचून मुलं खुश होतात, पण ती फक्त लायनीत उभं राहायची परवानगी आहे, कॉल, म्हणजे इंटरव्ह्यूचं बोलावणं, नाही. अहमदाबाद, बंगलोरसारख्या जुन्या आयआयएममध्ये कॅटच्या जोडीला जुने मार्कही मोजतात, काही आयआयएम मुलींना आणि नॉन-इंजिनिअर्सना जादा पॉइंट देतात, आणि तू इंजिनिअर मुलगा, ओपनमधला, वर बारावी 72, म्हणजे तिथे 99 च्या वर जाऊनही कॉल येईलच असं मी म्हणणार नाही. वाईट वाटेल पण बारावीची मार्कशीट आता काही बदलत नाही.

मग चान्स कुठे? नवीन आयआयएमपैकी बरीचशी मिळून एकच कॉमन इंटरव्ह्यू घेतात, तिथे 96-97 च्या पुढे गेलास तर गोष्ट जमण्यासारखी आहे. आणि महाराष्ट्राची एमबीए सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, तू विचारलीच नाहीस, आश्चर्य आहे! तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, अॅडमिशन सीईटीच्या मेरिटवर, बारावीचे मार्क आड येत नाहीत. मुंबईचं जमनालाल बजाज हे मॅनेजमेंट कॉलेज मुख्यतः त्यातूनच भरतं, अर्थात तिथे 99 च्याही बरंच वर लागतं. कॅटसाठी एवढं करतोच आहेस तर हा फॉर्म न भरणं म्हणजे सरळ वेडेपणा.

बाबांना सांग, आयआयएम नागपूर 2015 ला व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॅम्पसमध्ये सुरू झालं, 2022 पासून मिहानला स्वतःचा कॅम्पस आहे, पण ते निवासी आहे, रोज घरचा डबा वगैरे नाही. आणि नागपूरच्या मुलासाठी वेगळा कोटाही नाही, आपल्या गावचं म्हणून काही सूट मिळत नसते.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, सेक्शनवाइज पर्सेंटाइल. कॅटमध्ये तीन सेक्शन, प्रत्येकाला 40 मिनिटं, एकाचा वेळ दुसऱ्याला देता येत नाही आणि कॉलेजं प्रत्येक सेक्शनचा वेगळा कटऑफ लावतात. एकूण 97 आणि डीआयएलआर (डेटा आणि लॉजिकचा सेक्शन) मध्ये 65 असेल तर ते 97 चाटायचं का? माझ्या ओळखीतल्या एकाचं नेमकं हेच झालं, रविवारी मॉक दिला की तर्री पोहे खायला पळायचा, अॅनालिसिस कधीच नाही.

त्या बॅचची फी सध्या भरू नकोस. पुढचे सहा मॉक दे, प्रत्येकाचे तिन्ही सेक्शनचे आकडे वहीत लिही आणि मला पाठव, मग कुठले फॉर्म भरायचे ते आपण बघू.